शेवळाच्या रीलमधून कापलेले बारा सेकंद

हे माझ्या तोंडून आजवर कुणाच्या कानावर गेलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, सख्ख्या बहिणीच्याही नाही. आणि मला ओळखणारं कुणीही तुम्हाला सांगेल, की वनिताच्या पोटात काही राहत नाही. बिल्डिंगमध्ये कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येऊन गेले, कुणाच्या सासूनं फ्रिजला कुलूप लावलं — संध्याकाळपर्यंत तीन मजल्यांना कळलेलं असतं, आणि कळवणारी मीच असते. मग हे एवढं तीन वर्षं पोटात कसं राहिलं? राहिलं खरं. सुखानं राहिलं असं नाही म्हणत.

आणि बघा, सांगायला बसले तरी सरळ मुद्द्याला हात घालवत नाहीये. जरा फिरून येते. थांबाल ना?

मी भिवंडीत, नारपोलीला राहते. माहेर खाडीकडच्या गावातलं, आम्ही आगरी. नवरा गोदामात सुपरवायझर, दोन मुली शाळेत. स्वयंपाक माझा चांगला आहे — हे मी स्वतःच सांगते, त्यात लाज कसली. गावात कुणाची हळद असली की मटणाच्या टोपाशी मलाच उभी करतात. मोठी मुलगी म्हणाली, आई, तू चॅनल काढ. काढला. चार-पाच महिने फक्त नातेवाईक बघायचे, आणि त्यातले निम्मे माझ्या स्वयंपाकघराच्या टाइल्स बघायचे. मग एक दिवस मोबाईलवर जाहिरात आली — घरबसल्या फूड ब्लॉगर व्हा, आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स, तोही मराठीत. फी नवऱ्यानं भरली. कुरकुरत भरली, पण भरली.

त्या कोर्सला मी नावं ठेवणार नाही. खूप शिकले मी तिथं. खिडकीतला उजेड ताटावर कसा घ्यायचा, पुठ्ठ्याला चांदीचा कागद लावून सावली कशी मारायची, डब्यांच्या चळतीला मोबाईल बांधून वरून शूट कसं करायचं. आमच्या घरात दोन महिने कुणी गरम जेवलं नाही, कारण आधी फोटो. नवरा ताटासमोर हात बांधून बसायचा आणि म्हणायचा, लाइक केल्याशिवाय घास मिळणार नाही का? मॅडम पुण्याच्या होत्या. त्यांचं पालुपद एकच — पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याचं बोट थांबलं पाहिजे. दर रविवारी त्या ग्रुपमध्ये आठवड्याची बेस्ट रील सांगायच्या. माझी दोनदा दुसरी आली. दुसरी आल्यावर त्यांनी लिहिलं होतं, वनिता, काय हात आहे तुमचा. मी ते नुसतं वाचलं नाही — किती वेळा वाचलं ते विचारू नका. दहावीनंतर माझं नाव घेऊन माझं कौतुक कुणी केलं नव्हतं. लग्नानंतर तर मी या मुलींची आई आणि त्या सुपरवायझरची बायको. मला त्याची चटक लागली. दुसरा शब्द नाही.

शेवटचं काम होतं — विसरलेली चव. एका मिनिटाची रील, साहित्य आठच्या वर नको, आणि बघणाऱ्याला ते मिळालं पाहिजे. मी शेवळं निवडली.

शेवळं तुम्हाला माहीत नसतील तर सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. मे संपता संपता आमच्या रानात जमिनीतून एक लांबट, तपकिरी-जांभळा कोंब वर येतो. वर्षातनं दोन-तीन आठवडे मिळतो, मग गायब. अंबाडीकडच्या पाड्यांवरच्या बायका रानात फिरून तो काढतात आणि जुड्या बांधून बाजारात आणतात. चवीला म्हणाल तर मटण बाजूला ठेवाल. पण जात खाजरी. नुसती शिजवून खाल्लीत तर घसा धरतो, जीभ जड होते. म्हणून त्याच्या जोडीला काकडं लागतात — काकड म्हणजे एक आंबट हिरवं रानफळ, बोराएवढं. ठेचायचं, पाण्यात कोळायचं आणि ते पाणी भाजीत घालायचं. त्या आंबटानं खाज मरते. आमच्याकडे शेवळं विकणारी बाई जुडीबरोबर मूठभर काकडं स्वतःहून पिशवीत टाकते. मागायचं नाही, विचारायचं नाही. काकडाशिवाय शेवळ कुणी विकत नाही आणि कुणी घेत नाही. माझ्या आईनं तर काकडं आधी ठेचून ठेवल्याशिवाय शेवळाला विळी लावली नाही कधी.

मी भाजी नीटच केली. काकडं खलबत्त्यात ठेचली, कोळली, पाणी घातलं. ते शूटही केलं — बारा सेकंद. माझी मूठ, बोटांतून गळणारं हिरवट पाणी. चांगला शॉट होता. पण रील झाली एक मिनिट अकरा सेकंदांची. आणि साहित्य झालं नऊ. कच्ची रील ग्रुपवर टाकल्यावर मॅडमनी विचारलं, हे काकड शहरात मिळत नाही ना? कंपल्सरी आहे की ऑप्शनल?

मी लिहिलं — ऑप्शनल, मॅडम.

मला कुणी फसवलं नाही. कुणी घाई केली नाही. मला माहीत नव्हतं असंही नाही — सहा वर्षांची असल्यापासून माहीत होतं. मनाशी म्हटलं, ज्याला शेवळं मिळतील त्याला काकडंही मिळतीलच, विकणारी देतेच. आणि ते बारा सेकंद कापले. रीलच्या शेवटी मी घास खाते आणि डोळे मिटते. त्या घासात काकडं होती. बघणाऱ्यांना कसं कळणार?

बेस्ट आली. सर्टिफिकेट आलं. नाक्यावर ओढण्यांच्या दुकानातली बाई म्हणाली, आप वो रीलवाली है ना? माझी मान जी वर झाली ती आठ दिवस खाली आली नाही. वाडा तालुक्यातल्या कुणा बाईनं खाली लिहिलं होतं, ताई, काकडं नाही घातली? मी तिला उत्तर दिलं नाही.

तुम्हाला वाटेल, हेच ते. एवढंसं. एवढंच असतं तर मी कधीच हसत हसत सांगून मोकळी झाले असते.

आमच्या वरच्या मजल्यावर अनुराधाताई राहतात. माणसं सोलापूरची, विणकर, मिस्टरांचे लूम आहेत. स्वभावानं लोण्यासारखी बाई. त्यांनी ती रील चारदा बघितली आणि मला जिन्यात गाठून म्हणाल्या, आमच्यात हे कुणी खाल्लेलं नाही की ओ, पण सासूबाईंना खाऊ घालायचंय, तुम्ही नाक्यावर गेलात की दोन जुड्या आणा, अगदी रीलमधल्यासारखी करते. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. माझी रील बघून कुणीतरी खरंच चूल पेटवणार होतं.

धामणकर नाक्यावर, शेअर रिक्षा भरतात त्याच्या जरा पुढं, एका बेकरीच्या पायरीला सोमीबाय बसायची. अंबाडीच्या पलीकडच्या पाड्यावरची, माझ्याहून बरीच मोठी. आधी करवंदं आणायची, मग शेवळं, मग पावसाळाभर रानभाज्या. बारा वर्षं मी तिच्याकडूनच घेत होते. त्या दिवशी मी चार जुड्या घेतल्या आणि म्हटलं, दोन वेगळ्या दे, शेजारणीच्या आहेत, तिनं कधी केली नाहीत. सोमीबायनं दोन्ही पिशव्यांत काकडं टाकली. शेजारणीच्या पिशवीत जरा जास्तच टाकली. आणि माझा हात धरून बजावलं, "नवी हाय ना ती? मंग तिला नीट सांग. काकडाबिगर खाव नको, घसा धरंल."

मी हो म्हटलं.

आणि आता ते सांगते, ज्यासाठी एवढं फिरून आले. जिना चढताना, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, मी थांबले. डोक्यात आलं, ही पिशवी उघडणार, काकडं बघणार, आणि विचारणार — हे काय, रीलमध्ये तर नव्हतं? मग मी काय सांगू? राहून गेलं म्हणू? कापलं म्हणू? बेस्ट रील आलेली बाई मी. मी पिशवीत हात घातला, काकडं काढली आणि माझ्या पिशवीत टाकली. एक खाली पडून पायरीवरून गडगडत गेलं, तेही उचललं. मग वर जाऊन बेल वाजवली आणि हसून जुड्या दिल्या. दारातून आत त्यांच्या सासूबाई दिसत होत्या, टीव्हीसमोर बसलेल्या. मला बघून त्यांनी हात हलवला.

सांगायला वेळ नव्हता का? होता. सकाळचे अकरा वाजले होते. एक मेसेज, एक फोन, काहीतरी आंबट घाला एवढंच. मनाला म्हटलं, ही संध्याकाळी करेल, दुपारी सांगू. आणि कमेंटना उत्तरं देत बसले.

दीडच्या सुमारास वर आरडाओरडा झाला. धावत गेले. सासूबाई जमिनीवर बसलेल्या, दोन्ही हातांनी गळा धरलेला, ओठ सुजलेले, लाळ गळत होती आणि थुंकी गिळवत नव्हती. त्यांना आधीच दमा. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. अनुराधाताई नुसत्या उभ्या होत्या, हातात पाण्याचा पेला घेऊन. रिक्षा मी बोलावली. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं पूर्ण रस्ताभर. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, नळी लावली आणि म्हणाले, दम्याच्या पेशंटला असलं काही देतात का, थोडा उशीर झाला असता तर.

मी बाहेर बाकावर बसले. त्यांच्या चपला माझ्या मांडीवर होत्या — घाईत कुणीतरी माझ्या हातात दिलेल्या. आणि त्या बाकावर बसून, त्या चपला मांडीवर ठेवून, मी मोबाईल काढला. रीलखालचा मजकूर बदलला. लिहिलं — टीप: काकडं घालायला विसरू नका, शेवळं खाजरी असतात. आधीपासूनच असल्यासारखं. मग त्या वाड्याच्या बाईची कमेंट शोधली आणि काढून टाकली. हे सगळं आत एक बाई श्वास घ्यायला धडपडत असताना. मला रडू येत होतं, तेही खरं होतं. पण बोटं बरोबर चालत होती.

अनुराधाताईंचे मिस्टर लूमवरून तसेच आले, अंगावर कापसाची धूळ. त्यांनी विचारलं, कुठली भाजी, कुणी दिली? ताई म्हणाल्या, नाक्यावरच्या बाईकडची. मग कुणीतरी म्हणालं, या लोकांचं काय सांगता येत नाही, शेवळं म्हणून दुसरंच काहीतरी मिसळून देतात. कोण म्हणालं ते? मी फार वेळा आठवून बघितलं. मीच म्हणाले.

सासूबाई वाचल्या. दुसऱ्या दिवशी घरी आल्या, आवाज आठ-दहा दिवस बसलेला होता. पण माणसं चिडलेली होती आणि चिडायचं कारणही होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ताईंचे मिस्टर, त्यांच्या लूमवरची दोन माणसं आणि ताई नाक्यावर निघाल्या. मला बरोबर घेतलं. का? कारण मला कळतं म्हणून. शेवळं खरी की खोटी ते मी ओळखायचं होतं. मी नाही म्हणू शकले असते, पोटात दुखतंय म्हणू शकले असते. चप्पल घातली आणि गेले.

सोमीबाय नुकतीच येऊन बसली होती. फडक्यावर जुड्या मांडत होती. ताईंच्या मिस्टरांनी आवाज चढवला, तशी शेअर रिक्षाची रांग थांबली, माणसं गोळा झाली. ती काय झालंय तेच समजून घ्यायचा प्रयत्न करत होती. मला एक शेवळ उचलून बघायला सांगितलं. उचललं. चांगलं होतं, ताजं, रानातल्या मातीसकट. आणि मी म्हणाले, आजची तर बरी दिसतायत.

आजची. कळलं ना तुम्हाला, त्या एका शब्दानं मी काय केलं?

मग सोमीबाय बोलली. ओरडली नाही, रडली नाही. ताईंकडे बघून म्हणाली, "काकडं दिली व्हती मी. दोनी पिशव्यांत दिली. सांगितलं बी व्हतं. इचारा या बायला."

सगळे माझ्याकडे वळले. अनुराधाताईंच्या चेहऱ्यावर रागच नव्हता, नुसती भीती होती, अजून कालचीच. मी हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? ताई माझ्याशी बोलल्या नसत्या. बिल्डिंगमध्ये महिनाभर माझंच नाव असतं. चॅनलवर चार माणसांनी तोंडसुख घेतलं असतं. आणि पुण्याच्या मॅडमना कळलं असतं. बस. एवढंच माझं जाणार होतं. तिचं काय जाणार होतं ते समोर फडक्यावर मांडलेलं होतं.

मी म्हटलं, "मला नाही आठवत असं काही. ताईंच्या पिशवीत तर काकडं नव्हतीच."

सोमीबायनं माझ्याकडे बघितलं. शिवी देईल असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं, भांडायला मी कुणाला ऐकत नाही. "न्हाय आठवत तर न्हाय," एवढंच म्हणाली, आणि फडकं गोळा करायला लागली. लूमवरच्या एकानं टोपलीला पाय मारला. शेवळं रस्त्यावर गेली आणि त्यावरून रिक्षा गेली. बेकरीवाले चाचा बाहेर आले. चांगला म्हातारा माणूस, तिला रोज चहा द्यायचे. तेसुद्धा हळू आवाजात म्हणाले, अम्मा, अब इधर मत बैठो. ती त्या पायरीला किती वर्षं बसत होती कोण जाणे, माझं लग्न होऊन मी भिवंडीत आले तेव्हापासून तर मी बघत होते.

ती परत आली नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. आमच्या एरियाच्या ग्रुपवर मेसेज फिरला, नाक्यावरच्या रानभाजीवाल्या बायकांकडून काही घेऊ नका, विषबाधा होते. लिहिला मी नव्हता. पुढं मात्र पाठवला, दोन ग्रुपवर. त्या पावसाळ्यात तिथं दुसऱ्या ज्या दोन-तीन बायका बसायच्या, त्यांच्या पाट्या संध्याकाळी भरल्याच परत जायच्या. त्यांचा तर यात काहीच संबंध नव्हता.

आणि माझं काय झालं? माझं छान झालं. ते तर सगळ्यात वाईट. अनुराधाताई चारचौघांत सांगतात, वनिताताई त्या दिवशी नसत्या तर आमच्या आई गेल्या असत्या. दर संक्रांतीला शेंगांची पोळी आणून देतात, तुपाच्या वाटीसकट. त्यांच्या सासूबाई मला बघितलं की अजून हात हलवतात. मी पोळी खाते. चांगली असते, म्हणूनही सांगते. चॅनल वाढला. कोर्सवाल्यांनी नव्या बॅचशी बोलायला मला बोलावलं — विषय काय, तर बघणाऱ्यांचा विश्वास कसा मिळवायचा. बोलले की मी. पाऊण तास बोलले, आणि एका मुलीनं शेवटी लिहिलं, ताई, तुम्ही किती मनापासून बोलता.

गेल्या जूनमध्ये मी अंबाडीला गेले. घरी सांगितलं शूटला चालले आहे. खरं तर मनात एक वाक्य तयार करून नेलं होतं, जाताना गाडीत दहा वेळा घोकलं होतं. सोमीबाय सापडेल की नाही माहीत नव्हतं. तिथल्या नाक्याच्या कडेला पाच-सहा जणी ओळीनं बसलेल्या, त्यात ती होती. वाळली होती. केस पार पांढरे झाले होते. समोर शेवळंच होती.

माझ्या पुढे तीन गिऱ्हाइकं होती, म्हणून मी उभी राहून बघत होते. आणि मला एक गोष्ट दिसली जी आमच्याकडे कुणी कधी केली नाही. ती जुडी पिशवीत टाकायची. पण काकडं पिशवीत टाकत नव्हती. गिऱ्हाइकाला हात पुढं करायला लावायची, काकडं त्याच्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायची, म्हण, मिळाली. गिऱ्हाइकानं मिळाली म्हटलं, की शेजारच्या बाईला विचारायची, ऐकलंस? शेजारची म्हणायची, ऐकलं. मगच पैसे घ्यायची. एक माणूस हसला, म्हणाला, आजी, काकडं देतेस की सोनं? तिनं त्याला पण म्हणायला लावलं. लोकांना वाटत होतं म्हातारीची सवय आहे. शेजारची बाई मला हसून म्हणाली, दोन-तीन वरसं झाली, अशीच करतं ती.

माझी पाळी आली. तिनं वर बघितलं. ओळखलं नसेल? ओळखलं. तिचा हात जुडीवर क्षणभर थांबला, तेवढ्यात कळलं मला. मग तिनं दोन जुड्या पिशवीत टाकल्या आणि मूठ पुढं केली. मीही हात पुढं केला. काकडं माझ्या तळहातावर आली.

"म्हण, बाय," ती म्हणाली.

माझं वाक्य होतं ना तयार. घोकलेलं. तिथं माणसं होती, तिच्या शेजारणी होत्या, म्हणायला यापेक्षा चांगली जागा नव्हती. मी म्हटलं, "मिळाली." तिनं शेजारणीला विचारलं, ऐकलंस? ती म्हणाली, ऐकलं. मी पैसे दिले आणि घरी आले.

त्या शेजारणीनं ऐकलं तेवढं पुरेसं नाही. म्हणून तिथं जे बोलायला हवं होतं ते इथं लिहिते. त्या दिवशी धामणकर नाक्यावर सोमीबायनं दोन्ही पिशव्यांत काकडं टाकली होती. शेजारणीच्या पिशवीत जास्त टाकली होती. नव्या बाईला नीट सांग, असं माझा हात धरून बजावलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं. ती काकडं मी जिन्यात काढली. तिनं चौघांत माझी साक्ष मागितली तेव्हा मला सगळं आठवत होतं.